कर्करोगाच्या उपचारात भावंडाची परिचर्या : उपस्थात्याचे चार गुण आणि वैद्याचे कर्तव्य

प्रस्तावना

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील नवव्या, खुड्डाकचतुष्पाद नावाच्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. प्रत्येक पादाचे चार, असे एकूण सोळा गुण तेथे मोजले आहेत. हा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच पाठ केलेला असतो. परंतु व्यवसायात पडल्यावर भिषक् आणि द्रव्य या दोनच पादांकडे आपले लक्ष राहते. रोगी समोर बसलेला असल्यामुळे त्याचाही विचार होतो. उपस्थाता मात्र औषधाची पिशवी उचलणारा व पैसे देणारा मनुष्य एवढाच आपल्या गणतीत उरतो.

कर्करोगाच्या बाबतीत ही उपेक्षा फार महाग पडते. सन २०२२ मध्ये भारतात सुमारे १४ लाख नव्या कर्करुग्णांची भर पडली, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. या रोगाचा उपचार शस्त्रकर्म, केमोथेरपी व किरणोपचार असा महिनोन्‌महिने चालतो. रुग्ण त्यातला थोडाच काळ रुग्णालयात असतो आणि बाकीचा सारा काळ घरी असतो. घरी त्याच्याजवळ आईवडील असतील तर ते वृद्ध असतात, मुले असतील तर ती लहान असतात. पती वा पत्नी नोकरी आणि घर यांत ओढली जाते. अशा वेळी धावून येतो तो बहुधा भाऊ किंवा बहीण. तो भाऊ वा ती बहीण कधी ना कधी आपल्या दवाखान्यात किंवा औषधालयात येतेच.

ती केव्हा येते, हे नीट पाहण्यासारखे आहे. उपचार सुरळीत चालू असताना फार थोडे येतात. ताप येतो, पेशी घटतात, पुढचा डोस लांबतो, हात सुजतो, तपासणीचा अहवाल मनासारखा येत नाही, तेव्हा घरात चलबिचल होते आणि ‘आता आयुर्वेदच करून पाहू’ असे म्हणत भावंड आपल्याकडे येते. त्या दिवशी वैद्य काय बोलतो यावर पुष्कळदा तो उपचार पुढे चालतो की सुटतो हे ठरते. म्हणून परिचारकाचे जे चार गुण शास्त्राने सांगितले, म्हणजे उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच, ते कर्करुग्णाच्या भावंडाच्या ठिकाणी कसे उत्पन्न करावेत, आणि त्यात वैद्याने व औषधविक्रेत्याने आपला वाटा कोणता मानावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. उपचारज्ञता

उपचारज्ञता म्हणजे भावाने किंवा बहिणीने डॉक्टर होणे नव्हे. कोणता उपचार चालू आहे, तो किती वेळा व्हावयाचा आहे, मागचा केव्हा झाला आणि कोणत्या लक्षणावर कोठे जावयाचे, एवढे ज्याला न अडखळता सांगता येते तो उपचारज्ञ परिचारक होय.

यासाठी आम्ही एकच साधन सुचवितो, ते म्हणजे वही. पहिल्या पानावर रोगाचे नाव, उपचाराचे नाव, आवर्तनांची (ज्यांना रुग्ण ‘डोस’ म्हणतात त्यांची) ठरलेली संख्या, रुग्णाचा रक्तगट, मधुमेहादी इतर व्याधी, चालू असलेली सर्व औषधे आणि उपचार करणाऱ्या विभागाचा रात्रीचा दूरध्वनी क्रमांक लिहावा. पुढील पानांवर रोजची तारीख, आवर्तनानंतरचा दिवस, तापमान, वजन, आहार, मलप्रवृत्ती आणि जे नवे लक्षण दिसले ते लिहावे. रोग्याच्या चार गुणांत आचार्यांनी ज्ञापकत्व, म्हणजे आपली पीडा वैद्याला नीट सांगता येणे, हा एक गुण मोजला आहे. थकलेल्या रुग्णाला हे जमत नाही, तेव्हा ती वही त्याच्या वतीने बोलते. आपल्याकडे येणाऱ्या भावंडाला दुसरे काही देता आले नाही तरी वहीचे पहिले पान आपल्यासमोर बसवून भरून घ्यावे. त्याला १० मिनिटे पुरतात.

उपचारज्ञतेचा दुसरा भाग म्हणजे तापाचा नियम. केमोथेरपीच्या बहुतेक औषधांनी अस्थिमज्जेचे कार्य मंदावते आणि रक्तातील पांढऱ्या पेशी साधारणपणे ७ व्या ते १४ व्या दिवसाच्या सुमारास सर्वांत खाली जातात. त्यांतील न्यूट्रोफिल पेशी एका मायक्रोलिटरमागे ५०० हून कमी झाल्या की साधा जंतुसंसर्गही काही तासांत प्राणघातक ठरू शकतो. अशा वेळी घसा लाल होत नाही, पू होत नाही, सूज फारशी दिसत नाही, कारण ही लक्षणे उत्पन्न करणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. ताप हेच बहुधा एकमेव चिन्ह असते. म्हणून १००.४ अंश फॅरनहाइट (३८ अंश सेल्सिअस) किंवा त्याहून अधिक ताप आढळला, किंवा ताप नसतानाही थंडी वाजून अंग थरथरले, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. रुग्णालयात पोहोचल्यापासून एका तासाच्या आत जंतुघ्न औषधाची पहिली मात्रा शिरेतून जावी, असे आजचे मार्गदर्शन आहे.

येथे आपल्या व्यवसायाशी थेट संबंध असलेली गोष्ट सांगितली पाहिजे. हा ताप ज्वरचिकित्सेचा विषय नाही. लंघन, पाचन, काढा आणि तीन दिवस वाट पाहणे हा क्रम येथे लावता येत नाही. पॅरासिटामॉल देऊन ताप उतरविणेही धोक्याचे आहे, कारण ताप झाकला जातो आणि संसर्ग आत वाढतच राहतो. भावंडाने आपल्याकडे ‘थोडी कसकस आहे, काढा द्या’ असे म्हटले तर प्रथम ‘केमोथेरपी चालू आहे काय, शेवटची कधी झाली?’ हा प्रश्न विचारावा. उत्तर होकारार्थी असेल तर औषध न देता रुग्णालयात पाठवावे.

२. दाक्ष्य

दाक्ष्य म्हणजे प्रसंग ओळखून त्वरित योग्य ती कृती करणे. उपचारकाळात कोणती विघ्ने येतात हे ज्याला अगोदर ठाऊक आहे, तो त्या वेळी गोंधळत नाही. विघ्नांचे दोन वर्ग भावंडाला समजावून द्यावेत.

पहिला वर्ग त्याच दिवशी रुग्णालयात नेण्याच्या विघ्नांचा :

(अ) वर सांगितलेला ताप किंवा थंडी.
(आ) नाकातून वा हिरड्यांतून न थांबणारा रक्तस्राव, काळे मल, त्वचेवर बारीक लाल ठिपके. हे प्लेटलेट घटल्याचे चिन्ह असू शकते.
(इ) एकाच पायाची वा हाताची सूज व वेदना, किंवा अकस्मात दम लागणे. कर्करुग्णात रक्ताची गाठ होण्याचा संभव अधिक असतो. ज्याच्या दंडातून ‘पिक लाइन’ घातली आहे त्याच्या त्या हाताकडे विशेष लक्ष ठेवावे.
(ई) पाठीत तीव्र वेदना व त्याबरोबर पायांत बळ कमी वाटणे, मूत्र अडणे. मज्जारज्जूवर दाब आल्याचे हे लक्षण असू शकते. येथे काही तासांचा विलंब झाला तरी पाय कायमचे जाऊ शकतात. अशा रुग्णाला कटिबस्ती वा मर्दन करीत बसणे अनर्थकारक होय.
(उ) २४ तास पाणीही न ठरणे, किंवा दिवसातून अनेकदा पातळ मलप्रवृत्ती.

दुसरा वर्ग मन खचविणाऱ्या, परंतु उपचार फसल्याचे चिन्ह नसलेल्या विघ्नांचा. पेशी वर न आल्यामुळे आवर्तन आठवडाभर लांबणे, औषधाची मात्रा कमी करणे, शिरेतील नळी काढून दुसरी घालावी लागणे, रक्त चढवावे लागणे, तोंड येऊन किरणोपचारात मध्ये खंड पडणे, या सर्व गोष्टी कर्करोगतज्ज्ञांच्या नित्याच्या व्यवहारातील आहेत. घरच्यांना मात्र त्यांचा अर्थ ‘औषध मानवले नाही’ असा वाटतो. हा भेद आधीच समजावून सांगितला तर अर्धी भीती दूर होते.

तिसरी गोष्ट वेगळी धरावी, ती म्हणजे उपचार चालू असताना रोगच वाढल्याचे तपासणीत दिसणे. तेथे खोटा धीर देऊ नये. परंतु तेथेही निर्णय उपचार बदलण्याचा, उद्देश बदलण्याचा असतो. रुग्णाला वाऱ्यावर सोडण्याचा तो निर्णय नव्हे.

३. अनुराग

अनुराग हा गुण भावंडाला शिकवावा लागत नाही. परंतु त्याच अनुरागाचे काही अतिरेक आम्ही वारंवार पाहतो. त्यांना आवर घालण्याचे काम घरातल्या कोणापेक्षा बाहेरचा विश्वासू वैद्य चांगले करू शकतो.

पहिला अतिरेक लपवालपवीचा. ‘ताईला कर्करोग आहे हे कळता कामा नये’ असे भाऊ सांगतो. उपचार महिनोन्‌महिने चालावयाचा, केस गळावयाचे, ज्या विभागात बसावयाचे त्याच्या दारावर नाव लिहिलेले, तेथे हे गुपित राहत नाही. रुग्णाला सर्व कळलेले असते आणि भावाला वाईट वाटू नये म्हणून ती न कळल्याचे दाखविते. दोघेही एकटे पडतात. ‘तिला काय आणि किती जाणून घ्यावयाचे आहे हे तिलाच विचारा’ असे वैद्याने सांगावे.

दुसरा अतिरेक पथ्याचा. प्रेमापोटी भावंडे दूध बंद, साखर बंद, मीठ बंद, गहू बंद, केवळ रस व पाला, असा आहार सुरू करतात आणि त्याला आयुर्वेदाचे नाव देतात. वजन घटलेला, बल क्षीण झालेला रुग्ण पुढचे आवर्तन सोसू शकत नाही. रुग्णाला रुचेल आणि पचेल असा ताजा शिजवलेला आहार पुरेशा प्रमाणात मिळावा, हेच येथे पथ्य : मऊ भात, मुगाचे वरण, खिमट, तूप, उकळलेले दूध, चालत असेल तर पूर्ण शिजवलेले अंडे. मधुमेहादी व्याधी असल्यास अर्थातच त्याप्रमाणे बदल करावा. आचार्यांनी बलरक्षणाला केवढे महत्त्व दिले आहे हे वैद्याला सांगावयास नको.

तिसरा अतिरेक हक्काचा. विवाहित बहिणीच्या आजारात आपल्याकडे सासर व माहेर असे दोन पक्ष नकळत उभे राहतात. भाऊ पैसा आणि धावपळ दोन्ही करतो, पण संमतिपत्रावर सही पती करतो. डॉक्टर एकाशी बोलतात आणि दुसऱ्याला तिसऱ्याकडून कळते. परदेशी असलेला धाकटा भाऊ दूरध्वनीवरून रोज नवा उपाय सुचवितो. यावर एकच तोडगा आम्हांस उपयोगी पडलेला दिसला आहे. रुग्णाने स्वतः एक मुख्य परिचारक नेमावा. डॉक्टरांशी त्याने बोलावे, बाकीच्यांनी आपले प्रश्न त्याच्या वहीत लिहावेत, आणि शेवटचा शब्द रुग्णाचा राहावा.

भावंडाच्या स्वतःच्या शरीराचा प्रश्नही याच गुणाखाली येतो. रक्ताच्या कर्करोगात अस्थिमज्जेच्या मूलपेशी देण्यासाठी सख्ख्या भावंडाचा विचार प्रथम होतो. प्रत्येक सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक असतो. न जुळल्यास भावंड स्वतःला दोष देते, आणि देऊनही यश आले नाही तर अधिकच देते. हा योगायोगाचा भाग आहे, प्रेमाची कसोटी नव्हे, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. रक्तदानाविषयीही एक सूचना आवश्यक आहे. सख्ख्या नातेवाइकाचे रक्त तसेच थेट रुग्णाला चढविण्यात क्वचित घडणारी पण प्राणघातक अशी प्रतिक्रिया संभवते. म्हणून भावाने रक्त रक्तपेढीला द्यावे आणि रुग्णाला कोणते द्यावयाचे ते रक्तपेढीने ठरवावे. तसेच स्तन वा बीजकोशाच्या कर्करोगात ‘बीआरसीए’ जनुकाचा दोष आढळल्यास आणि तो आई वा वडिलांकडून आलेला असल्यास प्रत्येक भावंडात, बहिणीत तसेच भावातही, तो असण्याचा संभव निम्मा असतो. बहिणीची शुश्रूषा करणारी बहीण स्वतःची तपासणी पुढे ढकलीत राहते. तिला ती करण्याची आठवण द्यावी.

४. शौच

शौचाचा अर्थ येथे दुहेरी घ्यावा. पहिला प्रत्यक्ष स्वच्छतेचा. परिचारकाने रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. सर्दी-खोकला असल्यास त्याने दूर राहावे वा मुखपट्टी वापरावी. कच्ची मोड आलेली कडधान्ये, उघड्यावर चिरलेली फळे, शिळे अन्न व न उकळलेले दूध देऊ नये. केमोथेरपीनंतर सुमारे ४८ तास रुग्णाच्या मूत्र, मल व वांतीत औषधाचा अंश असतो, म्हणून ते साफ करताना हातमोजे घालावेत. गर्भवती स्त्रीने हे काम करू नये.

पेशी घटलेल्या काळात गुदमार्गाने काहीही देऊ नये. बस्ती, रक्तमोक्षण, वमन-विरेचनादी शोधन आणि जोराचे मर्दन या काळात सर्वथा वर्ज्य समजावे. गुदमार्गाला पडलेल्या सूक्ष्म चिरेतूनही जंतू रक्तात जातात आणि प्लेटलेट कमी असल्यास स्राव थांबत नाही. गुदातून तापमान घेणेही याच कारणासाठी टाळतात.

शौचाचा दुसरा अर्थ व्यवहाराच्या निर्मळपणाचा. भावंड जे काही औषध, चूर्ण वा काढा रुग्णाला देते ते कर्करोगतज्ज्ञांना सांगूनच द्यावे. ‘डॉक्टर रागावतील’ म्हणून लपविलेले औषध हे सर्वांत धोक्याचे. आपण लिहून दिलेले औषध आपल्या नावानिशी, घटकद्रव्यांसह वहीत लिहून द्यावे.

द्रव्यांविषयी काही निश्चित माहिती

‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य कर्करुग्णाच्या बाबतीत आपल्या तोंडून निघू नये. पिप्पली व मरिच यांतील पिपरीन हे द्रव्य फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल व थिओफिलिन या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढविते, हे मनुष्यांवरील अभ्यासांत दिसले आहे. योगवाही म्हणून ज्याची आपण स्तुती करतो तोच गुण केमोथेरपीसारख्या औषधांबरोबर विषबाधेला कारण होऊ शकतो, कारण त्यांच्या उपयुक्त आणि घातक मात्रांत अंतर थोडे असते. उलट गुग्गुळाच्या अर्काने डिल्टियाझेम व प्रोप्रॅनोलॉल यांचे शोषण घटते, असे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात आढळले. हरिद्रेतील कर्क्युमिनमुळे केमोथेरपीच्या काही औषधांची स्तनकर्करोगाच्या पेशी मारण्याची शक्ती कमी होते, असे २००२ मध्ये प्रयोगशाळेतील व प्राण्यांवरील अभ्यासात दिसले. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये कर्क्युमिनच्या गोळ्यांनी त्या औषधाच्या कार्यकारी रूपाचे प्रमाण घटल्याचे २०१९ च्या अभ्यासात आढळले, आणि त्यात पिपरीन मिसळल्यावर ते आणखी घटले. स्वयंपाकातील चिमूटभर हळदीचा हा प्रश्न नाही. बाजारात मिळणाऱ्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांचा आहे.

यष्टिमधू दीर्घकाळ पोटात गेल्यास रक्तातील पोटॅशियम घटते. सिस्प्लॅटिन व त्यामुळे होणारी छर्दी यांनीही ते घटू शकते. गुडूचीविषयी २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी ६ रुग्णांत यकृतविकार झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेऊन वनस्पतीच्या अचूक ओळखीचा प्रश्न उपस्थित केला. हा वाद कोणत्याही बाजूने धरला तरी व्यवहारातला निष्कर्ष एकच : ज्याचे यकृत केमोथेरपीचा भार वाहत आहे त्याला ओळख न पटलेले द्रव्य देऊ नये. रसकल्पांबाबत तर वृक्काचा विचार प्रथम करावा.

मग वैद्याने काहीच करू नये काय? करण्यासारखे पुष्कळ आहे. आहारकल्पना, निद्रेचे व दिनचर्येचे मार्गदर्शन, मीठ व खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या, झेपेल इतके चालणे, प्राणायाम, आणि तज्ज्ञांच्या संमतीने ठरलेली थोडकी औषधे. उपचार संपल्यावर बलप्राप्तीसाठी रसायनाचा विचार करतानाही, चालू गोळ्यांची यादी पाहूनच.

एक उदाहरण

आमच्या परिचयातील एका किराणा दुकानदाराच्या ४१ वर्षांच्या विवाहित बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रकर्मानंतर केमोथेरपीची आठ आवर्तने ठरली. भावाने पहिल्या दिवसापासून वही ठेवली होती. दुसऱ्या आवर्तनानंतर अकराव्या दिवशी रात्री त्याचा आम्हांस दूरध्वनी आला की बहिणीला १०१ ताप आहे, महासुदर्शन काढा किती द्यावा? काढा न देता त्याच वेळी जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावे, दारातच ‘केमो चालू आहे, अकरावा दिवस आहे’ असे सांगावे आणि वही पुढे करावी, असे आम्ही सुचविले. न्यूट्रोफिल २०० निघाले. सहा दिवस शिरेतून औषधे दिल्यावर ती सावरली. तिसरे आवर्तन आठवडाभर लांबले.

ते पार पडल्यावर ज्या दंडात नळी होती तो हात सुजला व शिरेत रक्ताची गाठ निघाली. नळी काढावी लागली, गाठीवरची इंजेक्शने सुरू झाली. आता सासरकडील मंडळींचा धीर सुटला. भाऊ आणि बहिणीचे यजमान दोघे मिळून आमच्याकडे आले. ‘वैद्यराज, हे औषध तिला सोसत नाही. ते बंद करतो, तुमचे सुरू करा,’ असे यजमान म्हणाले. भाऊ गप्प होता. बहिणीच्या घरचा निर्णय आपण कसा फिरवावा, हा त्याच्यापुढचा पेच होता.

आम्ही त्यांना रागावलो नाही आणि औषधही दिले नाही. वहीच्या कोऱ्या पानावर तीन प्रश्न लिहून दिले आणि बहिणीला सोबत घेऊन ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारण्यास सांगितले :

(१) आलेले विघ्न उपचारामुळे आहे की रोग वाढल्यामुळे?
(२) ते पुन्हा येऊ नये म्हणून पुढच्या वेळी काय बदल करणार?
(३) उपचार येथेच थांबविला तर काय गमावू, आणि चालू ठेवला तर काय सोसावे लागेल?

उत्तरे स्पष्ट मिळाली. दोन्ही विघ्ने उपचाराची होती, रोगाची नव्हेत. पुढील आवर्तनांनंतर पेशी वाढविणारी इंजेक्शने द्यावयाची ठरली, छातीच्या त्वचेखाली केमोपोर्ट बसविण्यात आला. चालू ठेवण्याचा निर्णय बहिणीने स्वतः सांगितला. आठही आवर्तने व किरणोपचार पूर्ण झाले. आज ती गोळ्या घेत आहे आणि ठरलेल्या वेळी तपासणीस जात आहे. ‘बरी झाली’ हा शब्द आम्ही वापरीत नाही, कारण तो वापरण्याचा अधिकार काळाचा आहे. पण अर्धवट सोडलेला उपचार तिच्या वाट्याला आला नाही, एवढे निश्चित.

औषधविक्रेत्यांसाठी

आपल्या औषधालयात चिठ्ठीशिवाय येणारा ग्राहक बहुधा हेच भावंड असते. कर्करोगावरील औषध मागणाऱ्यास पुढील गोष्टी पाळून उत्तर द्यावे.

१) केमोथेरपी, किरणोपचार वा शस्त्रकर्म चालू आहे काय, हे विचारल्याशिवाय बाटली पुढे करू नये.
२) ताप, रक्तस्राव, दम, एकाच अंगाची सूज यांसाठी औषध विकू नये. रुग्णालयात जाण्यास सांगावे.
३) कर्करोग बरा करण्याचा दावा करणारे फलक, पत्रके दुकानात लावू नयेत. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत कर्करोगाचा समावेश आहे आणि अशी जाहिरात हा गुन्हा आहे.
४) विकलेल्या प्रत्येक कल्पाचे नाव व घटकद्रव्ये ग्राहकाच्या वहीत लिहून द्यावीत.
५) दुकानात एक अचूक थर्मामीटर विक्रीस ठेवावा व त्याचा उपयोग दाखवावा. कर्करुग्णाच्या घरी याहून उपयोगी वस्तू आपण क्वचितच विकू.

आधाराच्या जागा

उपचार सुटण्याचे दुसरे मोठे कारण खर्च व निवारा. भावंडाला पुढील माहिती द्यावी. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली मान्यताप्राप्त रुग्णालयांत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि त्यात कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत पूर्ण सवलत, व सोबत्याला त्याच श्रेणींत ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात येणाऱ्या बाहेरगावच्या रुग्णांसाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा व परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन यांचा मोठा आधार आहे. रुग्णालयातील समाजसेवा विभागाकडे पहिल्याच दिवशी जावे. पैसे संपल्यावर जाण्यात अर्थ नाही.

रोग आवाक्याबाहेर गेला तरी परिचर्या संपत नाही. वेदनाशमन व आधार देणाऱ्या परिहार सेवेचा अर्थ ‘आता काही उरले नाही’ असा घेऊ नये. फुप्फुसाच्या प्रगत कर्करोगात ही सेवा आरंभापासून मिळालेले रुग्ण अधिक सुखाने आणि अधिक काळ जगले, असे अमेरिकेतील २०१० च्या अभ्यासात दिसले आहे. मुंबईत वांद्रे येथील शांती आवेदना सदन १९८६ पासून असे कार्य करीत आहे आणि त्याची शाखा गोव्यातही आहे. पुण्यात वारजे येथील केंद्र १९९७ पासून आहे.

उपसंहार

परिचारकही थकतो. महिनोन्‌महिने दुकान, शेती वा नोकरी सांभाळून जो भाऊ रात्री रुग्णालयाच्या ओट्यावर झोपतो, त्याची भूक, निद्रा आणि मन यांची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ती वैद्याने करावी. आठवड्यातून एक रात्र दुसऱ्या कोणी जागावे आणि त्याने घरी झोपावे, एवढी साधी सूचनाही त्याला दुसऱ्याच्या तोंडून हवी असते, कारण स्वतःहून तो तसे करीत नाही.

चिकित्सेच्या चार पादांपैकी कर्करोगात भिषक् बहुधा दुसरा असतो, द्रव्येही दुसऱ्याची असतात. परंतु उपस्थाता आपल्या गावचा, आपल्या ओळखीचा आणि आपल्यावर विश्वास ठेवणारा असतो. त्याला समर्थ करणे हे आपल्या हातचे आहे. विघ्नाच्या दिवशी जो वैद्य औषधाची बाटली बाजूला ठेवून थर्मामीटर, वही आणि ते तीन प्रश्न भावंडाच्या हाती देतो, तो त्या रुग्णाच्या चिकित्सेत सहभागीच असतो. आपल्या सभासदांनी आपापल्या दवाखान्यात व औषधालयात या दृष्टीने विचार करावा, ही विनंती.